चेल्टनहॅम येथील पंडिता रमाबाई : विद्यार्थिनी कीं अध्यापिका ?

परदेशांतील अभियांत्रिकी विद्यालयांत आज मराठी स्त्रिया अध्यापन करीत आहेत. स्वदेश सोडणें, मध्येंच विषय बदलावा लागणें, पदरीं मूल असतां पद संभाळणें, आणि परक्यांच्या संस्थेंत आपला अधिकार पटवून देणें, हे प्रसंग त्यांच्या वांट्यास येतात व त्यांची चर्चाहि हल्लीं होऊं लागली आहे. परंतु हे प्रसंग नवे नाहींत. यंत्रविद्येचें दार स्त्रियांस जेव्हां बंद होतें तेव्हां केवळ संस्कृताच्या बळावर एक मराठी स्त्री या सर्वांतून गेली, आणि त्याचे कागद सुदैवानें शिल्लक आहेत.

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची टिपणें पाहिलीं असतां इ. स. १८८४ ते १८८६ या काळापुढें बहुधा 'इंग्लंडांत शिक्षण' एवढेंच लिहिलेलें आढळतें. धर्मांतराच्या वादानें हीं वर्षें इतकीं झांकून टाकिलीं आहेत कीं, त्या काळीं बाई प्रत्यक्ष काय काम करीत होत्या इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. सिस्टर जेराल्डीन यांनीं जपून ठेविलेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९७७ सालीं अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध केला. तो वाचल्यावर वरील नोंद अपुरी आहे, किंबहुना दिशाभूल करणारी आहे, असें माझें मत झालें.

पूर्ववृत्त वाचकांस विदित आहेच. येथें हव्या तेवढ्याच गोष्टी सांगतों. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व त्याबद्दल त्यांस शास्त्राधार दाखवून समर्थन करावें लागलें. दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पति बिपिनबिहारी निवर्तले. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढिला आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य तयार करण्याची मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावें हा विचार त्याच मागणीचा पुढचा भाग होय. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नाची प्रवासास मदत झाली, आणि १८८३ च्या मे महिन्यांत मुलीसह त्या इंग्लंडांत पोंचल्या. त्या वर्षीं सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु वैद्यकाचा बेत तडीस गेला नाहीं. त्यांस ऐकूं कमी येऊं लागलें होतें, आणि त्या शिक्षणास ती अडचण मोठीच. ज्या विद्येसाठीं समुद्र ओलांडला तीच हातची गेली. उरली ती बापानें व आईनें अरण्यांत दिलेली विद्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्याकडे त्या संस्कृत शिकवूं लागल्या व इंग्रजी, गणित आणि सृष्टिशास्त्र शिकूं लागल्या. शिष्या आणि गुरु हीं दोन्ही नातीं एकाच छपराखालीं. मीहि आयुष्यभर संस्कृत शिकविलें, तेव्हां एवढें सांगूं शकतों कीं, पहिल्या तासास गणिताच्या बाकावर बसून दुसऱ्या तासास अमरकोश उघडणें हें दिसतें तितकें सोपें नव्हे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. रमाबाईंनीं इंग्रज तरुणांसहि शिकवावें असा प्रस्ताव निघाला, तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं त्यास हरकत घेतली. स्त्रीनें पुरुषांस शिकविलें तर स्वदेशीं तिच्याविषयीं गैरसमज होईल व पुढें कार्यास बाध येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विद्येविषयीं शंका नव्हती. शंका शिकविणारी कोण याविषयीं होती. मे १८८५ मध्यें रमाबाईंनीं मिस बील यांस जें पत्र लिहिलें तें प्रत्येकानें मुळांतून वाचावें. त्यांतील तात्पर्य असें कीं, आईनें तरुणांस शिकविलें याला वडिलांनीं कधीं हरकत घेतली नाहीं, मी शिकविलें याला पतीनें घेतली नाहीं, आणि आतां इंग्रज लोक ती घेत आहेत याचें आश्चर्य वाटतें.

या उत्तरांत नुसता संताप नाहीं, पुरावा आहे. हिंदुस्थानची रूढि बिशपांनीं पुढें केली, आणि रमाबाईंनीं त्याच हिंदुस्थानांतील आपल्या घरची साक्ष काढिली. बंगाल्यांत पुरुषांच्या सभांतून व्याख्यानें देऊन आलेल्या स्त्रीस तिच्या देशाची रीत कोणी दुसऱ्यानें शिकवावी हा प्रकार विलक्षणच. अर्थात् डोंगऱ्यांचें घर हें अपवादच होतें, हेंहि कबूल केलें पाहिजे; बिशपांची भीति सर्वस्वीं निराधार नव्हती. पण अपवादास अपवाद म्हणून जगण्याचा हक्क आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न होता.

या ठिकाणीं व्याकरणाची एक आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. पाणिनीय परंपरेंत उपाध्यायाची पत्नी ती उपाध्यायानी, आणि जी स्वतः पढविते ती उपाध्याया. 'उपाध्यायी' हें रूप मात्र दोहोंकडे चालतें. आचार्यानी व आचार्या यांत भेद तोच. रूपावरून अशा स्त्रियांची संख्या काढतां येत नाहीं, हें मान्य. परंतु वैयाकरणांस त्या भेदाची गरज भासली एवढें खास. आमच्या चरित्रलेखकांस मात्र 'शिक्षण घेतलें' या एकाच क्रियापदावर भागवितां आलें.

पत्रव्यवहारांतील दुसरा प्रसंग संस्कृतज्ञांस विशेष रुचेल. अंगावर धारण करावयाच्या क्रूसावरील अक्षरें लॅटिन असावींत हें रमाबाईंस पटेना. लॅटिनमध्यें संस्कृताहून अधिक पवित्र तें काय, असा त्यांचा सवाल, आणि अक्षरें संस्कृत असावींत हा आग्रह. मनोरमेस कोणतें धर्ममत कसें शिकवावें यावरूनहि वाद झाले. आश्रय देणारे, शिकविणारे, मुलीची काळजी वाहणारे आणि आज्ञा करणारे हे सर्व एकच असल्यावर 'नाहीं' म्हणणें किती महाग पडतें, हें या पत्रांतून पदोपदीं दिसतें. सिस्टर जेराल्डीन यांस त्यांत हट्ट दिसला. मला त्यांत शास्त्र्याच्या घरची वादपद्धति दिसते.

१८८६ च्या प्रारंभीं त्यांनीं इंग्लंड सोडलें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी यांस वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. जी पदवी आपणांस मिळावयाची नव्हती ती नात्यांतल्या मुलीस मिळतांना त्यांनीं पाहिली. वर्षाच्या आंत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई वारल्या. अमेरिकेंत रमाबाईंनीं बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, इंग्रजींत ग्रंथ लिहून द्रव्य उभें केलें, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढें केडगांवास स्त्रियांनीं छापखाना चालविला, आणि रमाबाईंचें मराठी बायबल तेथेंच छापलें गेलें. खिळे जुळविणें व यंत्र चालविणें हेंहि तेथें स्त्रियांचें काम झालें. चेल्टनहॅमच्या बाकावरील गणित अगदींच वांयां गेलें नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कोणी म्हणतील कीं, त्यांचें पद तात्पुरतें, म्हणून अध्यापिका म्हणणें अतिशयोक्तीचें. पण पद तात्पुरतें होतें म्हणून काम तात्पुरतें ठरत नाहीं; आणि ज्या अध्यापनास दोन बिशपांनीं हरकत घ्यावी तें अध्यापन नव्हतें असें कसें म्हणावें ? सूचींत यापुढें 'चेल्टनहॅम, १८८४-८६, संस्कृताच्या अध्यापिका व विद्यार्थिनी' अशी नोंद व्हावी, आणि तींत पहिला शब्द पहिला राहावा, अशी माझी सूचना आहे.

उपलब्ध संग्रह मुख्यतः इंग्रजी पत्रांचा आहे. या वर्षांत पुण्यामुंबईच्या स्नेह्यांस त्यांनीं मराठींत लिहिलेलीं पत्रें कोणाच्या दप्तरांत असल्यास तीं, पाकिटावरील तारखेच्या शिक्क्यासह, जशीच्या तशीं प्रसिद्ध करावींत. पाकिटें टाकून देऊं नयेत. पत्रावर तारीख नसली तर पुष्कळदां तोच एक आधार उरतो.