अजिंठ्याच्या नकला आणि घरचा सर्व्हर

आमच्या फर्दापुरात मुघलकालीन सराय आहे. अजिंठ्याची लेणी इथून हाकेच्या अंतरावर. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून तिथल्या चित्रांच्या नकला करू लागला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स 1872 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. चित्रं इथली, नकला परक्याच्या कोठारात! याउलट निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांचा अजिंठ्यावरचा ग्रंथ 1930 ते 1955 दरम्यान चार भागांत छापला गेला. तो अनेक ग्रंथालयांत विखुरला, म्हणून टिकला.

आज आपल्या निकाहाचे फोटो, दादाजानच्या उर्दू कागदांचे स्कॅन कुठे असतात? परदेशी कंपन्यांच्या कोठारातच. 2010 मध्ये एबेन मोग्लेन यांनी फ्रीडमबॉक्सची कल्पना मांडली: घरातल्या छोट्या यंत्रावर स्वतःचा सर्व्हर. मी तर म्हणेन, कपाटातला जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर लिनक्स आणि नेक्स्टक्लाउड टाकायचं. बॅटरी धड असेल तर लाईट गेली तरी काही वेळ चालतं. खरी अडचण इंटरनेटची. बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही. तिथे सिंकथिंग कामी येतं: फोनमधले फोटो आपोआप लॅपटॉपवर उतरतात. आणि दुसरी प्रत सिल्लोडला आपाच्या घरी. आग काय फक्त लंडनलाच लागते?