घामोळें आणि बाडांतील औषधांचीं पानें

इ. स. १६६० च्या पावसाळ्यांत शाइस्तेखानाच्या फौजेनें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यानें तो किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजविला, हें सर्वश्रुत आहे. सुरुंगानें बुरूज उडाल्याची हकीकत आपण सारेच वाचतों. परंतु दमट हवेंत, अंगास चिकटलेल्या जाड कापडाखालीं माणसाच्या कातडीचें काय होतें, हें पाहावयाचें तर घरगुती बाडांच्या शेवटच्या पानांकडे वळावें लागतें. तीं पानें संग्राहक बहुधा किरकोळ म्हणून बाजूस सारतात, ही आमची तक्रार आहे.

वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत क्षुद्ररोगांमध्यें ह्या व्याधीस 'राजिका' म्हटलें आहे : घामानें भिजलेल्या अंगावर उठणाऱ्या, राईच्या आकाराच्या व रंगाच्या दुखऱ्या पुळ्या. पाश्चात्य वैद्यांचें 'मिलिअरिआ' हें नांवही लॅटिनमधील एका बारीक धान्यावरूनच आलेलें आहे. दूरदूरच्या देशांतील वैद्यांस एका पुळीवरून दाणाच आठवावा, ही मौज खरी. वाग्भटाचें लक्षण नेमकें आहे, कारण त्यांत घाम आधीं येतो. आजचें ज्ञान त्यापुढें एवढेंच सांगतें कीं, घाम वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका तुंबतात, घाम कातडीच्या आंत साचतो आणि तेथें आग व टोंचणी सुरू होते.

ह्या लक्षणाचा उपयोग वाचनांत आहे. बाडांत नुसतें 'पुरळ' असें लिहिलेलें आढळलें कीं त्यास गोवर किंवा देवी ठरविण्याची घाई होते. नुसत्या घामोळ्यास ज्वर नसतो. तें मान, काखा, कंबर अशा घामट जागीं उठतें आणि अंग गार राहिल्यास थोड्या दिवसांत जिरतें. उपाय चंदनाचा किंवा वाळ्याचा असेल आणि महिना वैशाख-ज्येष्ठाचा असेल, तर घामोळ्याचा विचार आधीं करावा.

घरोघरचे उपाय पाहिले तर थंड पाण्याचें स्नान, पातळ सुती वस्त्र व वारा, हे आजही ग्राह्य आहेत. ताडगोळ्याची साल किंवा कलिंगडाचा पांढरा भाग चोळल्यानें घटकाभर थंडावा मिळतो, याहून अधिक दावा आम्ही करीत नाहीं. मात्र तेलाचें मर्दन व जाड लेप हे नलिका अधिकच तुंबवितात; ते जुने आहेत एवढ्यावरून स्वीकारूं नयेत. खाजेवर आज लावतात त्या कॅलॅमाइनमध्यें जस्ताचें भस्म असतें. रसग्रंथांतील 'खर्पर' हेंही जस्ताचेंच खनिज, हें जाणकारांच्या ध्यानांत येईल. पुळ्यांत पू झाला, ताप आला किंवा रोगी तान्हें मूल असलें, तर बाड मिटून डॉक्टरकडे जावें.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढें चाकणपर्यंतचा माळ कारखान्यांनीं भरला. १९४८ च्या कारखाना कायद्याचें तेरावें कलम कामाच्या जागीं वारा खेळता व उष्णता सोसवेल इतकी असावी असें सांगत होतें. भट्टीपाशीं जाड पोशाखांत उभ्या राहणाऱ्या कामगारास राजिकेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

संग्राहकांस एकच विनंती. औषधाचें पान सुटें असलें तरी तें मूळ बाडापासून वेगळें करूं नये. त्याच्या पाठीवरील धान्याचा किंवा मजुरीचा हिशेबच पुष्कळदां महिन्याचा पुरावा ठरतो.