एका दिवसाची तबकडी

कलावंताच्या पहिल्या कृतीचें कौतुक होतें, पण तिला दीर्घ आयुष्य क्वचितच लाभतें. पुढें हात बसला, कीर्ति वाढली, म्हणजे ती पहिली धडपड मागें पडते. लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या चौघां गायक-वादकांची ‘प्लीज प्लीज मी’ ही पहिली मोठी तबकडी या नियमास अपवाद आहे. २२ मार्च १९६३ रोजीं ती प्रसिद्ध झाली. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिचा ताजेपणा ओसरलेला नाहीं. याचें कारण कोणतें?

या तबकडीचा जन्म घाईंत झाला. जानेवारी १९६२ मध्यें डेक्का कंपनीनें या तरुणांची परीक्षा घेतली, परंतु त्यांस नाकारलें. पुढें पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिन यांनीं त्यांस जवळ केलें. १९६३ च्या आरंभीं त्यांचें एक गाणें गाजूं लागलें, तेव्हां लोकांचें लक्ष आहे तोंवरच मोठी तबकडी काढणें इष्ट होतें. लिव्हरपूलच्या ‘कॅव्हर्न’ क्लबांतील त्यांचा कार्यक्रमच मुद्रित करावा, असें मार्टिन यांच्या मनांत होतें. पण तें तळघर ध्वनिमुद्रणास सोयीचें नव्हतें. मग तोच कार्यक्रम लंडनला अ‍ॅबे रोडवरील स्टुडिओंत करावयाचें ठरलें.

तो दिवस ११ फेब्रुवारी १९६३ चा. चौदांपैकीं चार गाणीं पूर्वींच तयार होतीं. उरलेलीं दहा त्या एका दिवसांत, सकाळीं दहापासून रात्रीं पावणेअकरापर्यंत, मुद्रित झालीं. दुपारीं इतर मंडळी जेवावयास गेली, तेव्हां हे चौघे दूध पिऊन सराव करीत राहिले. यंत्रावर मार्ग दोनच. एकावर वाद्यें, दुसऱ्यावर आवाज. दुरुस्तीस फारसा वाव नव्हता. जॉन लेनन यांस सर्दी झाली होती. म्हणून गळ्यास सर्वांत अधिक ताण देणारें ‘ट्विस्ट अँड शाऊट’ हें गाणें अखेरीस ठेविलें. पहिल्याच प्रयत्नांत तें साधलें. दुसऱ्या खेपेस आवाज उरलाच नव्हता. तो फाटत आलेला स्वर आजही ऐकणारास खिळवून ठेवतो.

एवढ्यावरून घाई हाच गुण मानणें मात्र चुकीचें होईल. १९६० पासून हे तरुण जर्मनींतील हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्रीं तासन्‌तास गात असत, आणि कॅव्हर्नमध्यें त्यांनीं शेंकडों कार्यक्रम केले होते. त्या दिवशीं सर्वांत थोरले दोघे बावीस वर्षांचे, तर सर्वांत धाकटे जॉर्ज हॅरिसन एकोणीसच वर्षांचे होते. पण त्यांच्या पाठीशीं अडीच वर्षांचा खडतर रियाज होता. स्टुडिओंत एक दिवस गेला, तो या रियाजाच्या बळावर.

दुसरी गोष्ट स्वतंत्र रचनेची. त्या काळीं तरुण गायकांनीं बहुधा व्यावसायिक रचनाकारांचीं गाणीं गावीं, असा रिवाज होता. या चौदांपैकीं आठ गाणीं मात्र लेनन व पॉल मॅकार्टनी यांचीं स्वतःचीं होतीं. सर्वच गाणीं सारखीं टिकलीं असें नाहीं. ‘ए टेस्ट ऑफ हनी’सारखें उसनें गाणें आज त्या काळाच्या आवडीचा नमुना वाटतें. पण ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ या त्यांच्या आरंभींच्या गाण्याचा वेग अद्याप मंदावलेला नाहीं.

इंग्लंडांत ही तबकडी तीस आठवडे अग्रस्थानीं राहिली आणि तें स्थान तिनें सोडलें, तें त्याच चौघांच्या दुसऱ्या तबकडीसाठीं. पुढें १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ करितां त्यांनीं कित्येक महिने खर्च केले, आणि तें काम कारागिरीच्या दृष्टीनें निःसंशय थोर आहे. परंतु ज्या मैफलींतून ते घडले, तिची ऊब पहिल्या तबकडींतच सांपडते. मुद्रणास दिवस एकच लागला; त्या दिवसाची तयारी मात्र वर्षानुवर्षांची होती. ती कृति टिकली, ती या तयारीमुळें.