धुराचं बिल कोण भरतं?

२०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यूंचा संबंध प्रदूषित हवेशी होता, आणि त्यापायी देशाचं २ लाख ६० हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं. आयसीएमआर आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी हा हिशेब डिसेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात मांडला. असे आकडे पेपरात आले की रुग्ण विचारतात, "डॉक्टर, हवेचे पैसे मोजतात तरी कसे?" प्रश्न रास्त आहे. हे मोजायला शिकण्यात शंभरेक वर्षं गेली, आणि त्यातला बराच भाग आपल्या मुंबईत घडला.

१८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली. विसावं शतक उजाडेपर्यंत परळ, लालबाग, भायखळा हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला होता. १९१२ मध्ये सरकारने 'बॉम्बे स्मोक न्युइसन्सेस ॲक्ट' आणला. न्युइसन्स म्हणजे उपद्रव. आजार हा शब्द नावात कुठेच नाही! त्या काळी धूर मोजायचा तो डोळ्यांनी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा असलेला रिंगलमन नावाचा तक्ता समोर धरायचा आणि धुराड्याकडे बघायचं. मालकाला पटवायचा मुद्दाही ठरलेला होता: काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे तुमचेच पैसे वर चाललेत. धुराचं पहिलं बिल असं कोळशाचं होतं. त्यात खाली चाळीत खोकणारा कामगार कुठेच नव्हता.

गंमत अशी की, गिरण्यांचा धूर कमी व्हायला कायद्यापेक्षा पैशाच्या हिशेबाचीच जास्त मदत झाली असावी. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नाहीत. कोळसा लांबून आणावा लागे आणि महाग पडे. १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची जलविद्युत सुरू झाली, लोणावळ्याच्या पाण्यावरची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि वाफेची इंजिनं हळूहळू मागे पडली.

माणसाचं नुकसान हिशेबात यायला मोठा धक्का बसावा लागला, तो लंडनला. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस धूर आणि धुकं शहरावर बसून राहिलं. तेव्हाचा अंदाज ४,००० मृत्यूंचा होता. पुढच्या संशोधकांनी तो १२,००० पर्यंत नेला. सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. (गिनेस बुक ऑफ रेकॉर्ड्सची कल्पना याच गृहस्थांची.) समितीने १९५४ मध्ये सांगितलं की, प्रदूषणामुळे ब्रिटनचं वर्षाला २५ कोटी पौंडांचं नुकसान होतं. कपडे पुन्हा पुन्हा धुणं, रंगरंगोटी, इमारतींची सफाई, गंजलेलं लोखंड आणि कामाची घटलेली क्षमता, असा तो हिशेब होता. त्यात धोब्याचं बिल आहे हे वाचून हसू येतं, पण त्याच आकड्याच्या जोरावर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला.

आपल्याकडे हे काम एका छातीच्या डॉक्टरांनी केलं, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी १९७७ पासून मुंबईतल्या कमी-जास्त प्रदूषणाच्या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी एक खेडं निवडून ४,१२९ लोकांची पाहणी केली. सतत खोकला असणारे लोक सर्वांत प्रदूषित वस्तीत ५ टक्क्यांच्या आसपास, तर सर्वांत स्वच्छ वस्तीत २ टक्क्यांच्याही आत निघाले. मात्र दीर्घकालीन ब्राँकायटिस खेड्यातही शहराइतकाच होता. माझ्या मते त्याचं उत्तर चुलीत आहे. आजही नळकांडीने चूल फुंकण्यात आयुष्य गेलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या आजी सीओपीडी घेऊन येतात.

आता २ लाख ६० हजार कोटींकडे परत येऊ. ती मुख्यतः बुडालेली कमाई आहे: माणूस वेळेआधी गेला नसता, आजारी पडला नसता, तर जे उत्पन्न झालं असतं ते. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ती १.३६ टक्के होते. औषधपाण्याचा खर्च याच्या वर. आणि हा भार सगळीकडे सारखा नाही. उत्तर प्रदेशात हेच प्रमाण २.१५ टक्के आहे, बिहारमध्ये १.९५. ज्यांच्याकडे आधीच कमी, त्यांच्या ताटातून जास्त जातं.

हेच घराच्या पातळीवर बघा. समजा, पुंडलिकनगरातल्या एका घरात मुलाला दम्याचा ॲटॅक आला. आई रोजंदारीवर आहे, दिवसाचे पाचशे रुपये. तीन दिवस ती घरी थांबली. पंधराशे गेले, इनहेलर, तपासणी, रिक्षा वेगळं. वाळूजच्या कंपनीत कायम असलेल्याला निदान पगारी रजा मिळते, तिला तीही नाही. २०१८ मध्ये नारेगावचा कचरा डेपो बंद झाल्यावर आपल्या शहरात रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले, ठिकठिकाणी पेटवले गेले. महापालिकेचा कचरा वाहून नेण्याचा खर्च तेवढा वाचला म्हणा. तो कुणाच्या खिशातून भरला गेला हे कुठल्याच वहीत नाही. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात आपलं शहर आहे, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या हवेसाठीच्या निधीतही आहे.

लॅन्सेटचा हिशेब आला त्याच महिन्यात लंडनमध्ये आणखी एक घटना घडली. एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली होती. ती गजबजलेल्या रस्त्यालगत राहायची. तिच्या आईने चिकाटी सोडली नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. असं प्रथमच घडलं. आपल्या मृत्यूच्या दाखल्यातही मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी लिहायला जागा असते. तिथे आम्ही डॉक्टर मधुमेह, रक्तदाब, तंबाखू लिहितो. एका रुग्णापुरता हवेचा पुरावा हाती नसतो. एलाच्या बाबतीत तो होता. ती पंचवीसहून जास्त वेळा रुग्णालयात दाखल झाली होती, त्या प्रत्येक वेळेची तारीख होती, आणि घरापासून फार लांब नसलेल्या यंत्रावर त्या दिवसांतली हवाही नोंदलेली होती.

हवा मोजणारी यंत्रं आता आपल्याकडेही आहेत, वाळूजच्या मोरे चौकातही आहे. म्हणून दम्याच्या रुग्णांना माझी विनंती: जुनी प्रिस्क्रिप्शनं टाकून देऊ नका. त्रास वाढला तो दिवस, नेब्युलायझर लागला तो दिवस, कामावर खाडा झाला तो दिवस, एका वहीत लिहून ठेवा, आणि येताना ती वही घेऊन या.