विटाळ, पाणी आणि ऊन



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन फोन आले. "बाई, विषय जरा बदलता येईल का? आम्ही घरातले सगळे एकत्र ऐकायला बसतो." आम्ही म्हटलं, म्हणून तर हाच घ्यायचा.

बायकांची रोजची, अंगाची स्वच्छता; पाळीतली आणि एरवीचीही. वसईचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे सोपाऱ्याचा स्तूप येतो, पोर्तुगीज येतात, १७३९ आणि चिमाजी अप्पा येतात. किल्ल्यात आणि किल्ल्याबाहेर राहणाऱ्या बायका महिन्याचे ते चार दिवस काय करत होत्या, हे बखरीत शोधायला जाऊ नका. ते शोधायचं तर भाषेत, घरातल्या रीतींत आणि विहिरीवर शोधावं लागतं.

भाषेपासूनच सुरुवात करू. कावळा शिवला. बाहेरची झाली. लांब आहे. अडचण आहे. आताच्या मुली म्हणतात, डेट आली. हे शब्द काय सांगतात बघा. बाई घरात कुठे बसली आहे ते सांगतात, नाहीतर स्वयंपाकाचा काय खोळंबा झाला ते सांगतात. शरीरात काय घडतं आहे, त्याबद्दल अवाक्षर नाही. 'पाळी' हा त्यातल्या त्यात सरळ शब्द, पण तोही चारचौघांत दबक्या आवाजातच येतो.

आणि 'विटाळ'. आमचं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा शब्दांची फोड करण्याची खोड आहे, ती सहन करा. विटाळ आणि मळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळ पाण्याने जातो. विटाळ दिवस मोजून जातो. मळ डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. विटाळ लागला की नाही हे दुसरा कोणीतरी ठरवतो. आपल्याकडे शेकडो वर्षं चोख व्यवस्था झाली ती विटाळाची. स्वच्छता बाईने आपली आपण, लपून-छपून बघायची. आणि कित्येकदा विटाळाच्या नियमांनी स्वच्छतेची वाटच अडवली.

हे आमच्या पदरचं सांगत नाही. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात इंद्राची गोष्ट आहे. इंद्राने विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्या लागली. ते पाप त्याने पृथ्वी, झाडं आणि बायका यांच्यात वाटून टाकलं. बायकांच्या वाट्याला आलं ते रजस्रावाच्या रूपाने. पुढे नियमांची यादी आहे: त्या तीन रात्री न्हायचं नाही, तेल लावायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, दात घासायचे नाहीत, नखं काढायची नाहीत. मोडलं तर होणाऱ्या मुलात अमुक एक व्यंग, हेही सांगितलं आहे. म्हणजे ज्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त लागतं, त्याच दिवसांत पाण्याला बंदी! चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, ही रीत आमच्या लहानपणापर्यंत चालत आली होती. ऋषिपंचमीची कहाणी तुम्हाला माहीतच आहे. शिवाशिव पाळली नाही म्हणून बाई पुढल्या जन्मी कुत्री झाली आणि नवरा बैल. आघाड्याच्या काड्यांनी दात घासून त्या पापाचं परिमार्जन करायचं. म्हणजे दात घासणंसुद्धा शेवटी प्रायश्चित्तात जमा झालं.

हे फक्त हिंदूंत होतं असं समजू नका. आपल्या जिल्ह्यात वर डहाणूकडे पारशी वस्ती आहे. त्यांच्या वेंदिदादच्या सोळाव्या प्रकरणात पाळीतल्या बाईने अग्नीपासून आणि पाण्यापासून पंधरा पावलं लांब राहायचं आहे. पुन्हा पाणी, बघा. बायबलच्या जुन्या करारात लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सात दिवसांची अशुद्धता आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई येशूच्या वस्त्राला शिवते आणि तो तिला दूर लोटत नाही. पुढे इ. स. ६०१ च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडमधल्या ऑगस्टिनला कळवलं की पाळीतल्या बाईला चर्चमध्ये येण्यास मनाई करू नये. वसईच्या चर्चमध्ये आज कोणी बाईला दारात अडवत नाही. पण आमच्या वाडीत हिंदू आणि ख्रिस्ती घरं एकमेकांना लागून होती, आणि फडकं वाळत घालण्याची तऱ्हा दोन्हीकडे एकच होती. कोनाड्यात, अंधारात, नाहीतर दोरीवर दुसऱ्या कपड्याच्या खाली.

आपल्याच परंपरेत याला प्रश्न विचारणारी बाई चौदाव्या शतकात होऊन गेली. संत चोखामेळ्यांची पत्नी सोयराबाई. विटाळ जर देहाचाच असेल तर त्यातून सुटलेला देह दाखवा, असा तिचा रोख आहे. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही तो अभंग मुद्दाम घ्यायचो.

आता फडक्याकडे येऊ. जुनं सुती लुगडं हे उत्तम कापड. धुऊन धुऊन मऊ झालेलं, शोषून घेणारं. फाडून त्याच्या घड्या करायच्या, कंबरेच्या नाड्याला अडकवायच्या. कापड वाईट नव्हतं, हे आवर्जून सांगायला हवं, कारण आता जाहिरातींनी कापडाला खलनायक करून टाकलं आहे. भरपूर पाण्याने धुतलेलं आणि कडक उन्हात वाळलेलं सुती फडकं स्वच्छच असतं. अडचण होती ती उन्हाची. पुरुषांच्या नजरेला पडायचं नाही, त्यामुळे ऊन लागायचं नाही. पावसाळ्यात तर तीन-तीन दिवस ओलसर. तेच पुन्हा वापरायचं. मग खाज, पुरळ, जांघा सोलवटणं. आणि ते सांगायचं कोणाला?

पाणी मात्र त्या काळी होतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीवाडीला बावखल, विहिरीवर रहाट. आमच्या आजी पहाटे, गडीमाणसं उठायच्या आत, बादली घेऊन केळीच्या बागेत जायच्या. धुतलेलं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतायचं. ती केळ चांगली पोसते असं त्या हसत म्हणायच्या. विटाळाचं पाणी घातलेल्या केळीचा घड मात्र देवाला चालायचा!

जुन्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते, पण कोरडं राहावं हे पक्कं ठाऊक होतं. बाळंतिणीची शेकशेगडी आठवा. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. जखम कोरडी राहावी, हा हेतू. भाजण्याची भीती असायची आणि धुराने बाळ-बाळंतीण गुदमरायची, तेव्हा ते जसंच्या तसं उचलावं असं आम्ही म्हणत नाही. अंगावर पांढरं जाण्याला 'धुपणी' असा शब्द होता, त्यावर तांदळाचं धुवण प्यायला देत. थोडं पांढरं जाणं स्वाभाविकच असतं. वास, खाज, रंग बदलला तर डॉक्टर. पण धुपणी म्हणजे चारित्र्याचा दोष असं मानणारी घरं होती, म्हणून बायका वर्षानुवर्षं अंगावर काढत.

१८९२ साली आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने दाखवलं की निरोगी योनिमार्गात काही जंतू कायम वस्तीला असतात. दही लावणाऱ्या जंतूंचे ते भाऊबंद. ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने बाहेरचे रोगजंतू रोखले जातात. तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५, आणि अंगाच्या वडीच्या साबणाचा ९-१०. म्हणजे आत साबण घालून धुणं म्हणजे पहारेकऱ्यांनाच हाकलणं. आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधं पाणी, पुढून मागे, आणि कोरडं सुती कापड, एवढं पुरतं. (दही लावू नका हो कोणी. मागे एकीने विचारलं होतं.)

गंमत अशी, की विज्ञानाला हे कळलं त्यानंतरच बाजाराने उलट शिकवायला सुरुवात केली. अमेरिकेत १९२० पासून पुढे काही दशकं लायसॉल, म्हणजे जंतुनाशकच, बायकांनी आतून धुण्यासाठी वापरावं अशा जाहिराती मासिकांत यायच्या. नवरा दुरावला कारण तू स्वच्छ नाहीस, असा त्यांचा सूर. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाबद्दल उघड बोलायला बंदी होती, त्यामुळे 'स्वच्छता' हा गर्भनिरोधाचा आडशब्द झाला होता. कित्येकींना भाजलं, आणि गर्भही राहिला. आपल्याकडे २०१२ साली टीव्हीवर अशा द्रावणाची जाहिरात आली, त्यात तो भाग उजळ करण्याचं आश्वासन होतं! विटाळ गेला म्हणता म्हणता बाटलीत भरून परत आला.

आणि ज्यांनी सरळ मराठीत शरीराबद्दल लिहिलं त्यांचं काय झालं? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड भरला, अंक पुढे चालू राहिला.

आता आपल्या गावात परत या. १९८० नंतर वसई-विरारमध्ये इमारती उठल्या आणि वाड्यांतलं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं. हरित वसईचं आंदोलन, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, सगळं तुम्ही पाहिलं आहे. त्या आंदोलनाचा आजच्या विषयाशी संबंध काय, असं कोणी विचारेल. फार जवळचा. नालासोपाऱ्यात एका खोलीत सहा माणसं, पाणी एक दिवसाआड, गॅलरी समाईक. तिथे फडकं धुणार कुठे, वाळवणार कुठे? आपल्याकडे पॅड जागृतीमुळे आलं असं सांगतात. आमच्या मते ते पाणी आणि ऊन गेल्यामुळे आलं. मुळात पॅडचा जन्मही टंचाईतलाच. पहिल्या महायुद्धात जखमांना बांधायला लाकडाच्या लगद्याचा कापूस बनवला, नर्स मंडळींनी तो स्वतःसाठी वापरला, आणि १९२० च्या सुमारास त्याचंच कोटेक्स झालं.

दुसरं कारण लोकल. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली. लेडीज स्पेशल मे १९९२ मध्ये बोरिवलीपर्यंत सुरू झाली आणि १९९३ मध्ये विरारला आली. साठ किलोमीटर, दीड तास उभ्याने, डब्यात शौचालय नाही. आम्ही नोकरीच्या काळात सकाळी पाणीच प्यायचो नाही. डब्यातल्या सगळ्याच तसं करायच्या. लघवीची जळजळ हा आमच्या लेडीज डब्याचा समाईक आजार होता, आणि त्याच्यावरच्या गोळ्यांची नावं एकमेकींना तोंडपाठ होती. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी ते थट्टेवारी नेलं.

पॅडवर जुलै २०१७ मध्ये १२ टक्के जीएसटी लागला, वर्षभरात ओरड होऊन तो काढावा लागला. राज्याची अस्मिता योजना २०१८ ची, तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळायची. सगळं चांगलंच. पण औषधवाला अजून ते काळ्या पिशवीत देतो, आणि घरातून ते गोखिवऱ्याच्या कचराभूमीत जातं, तिथे दुसऱ्या बायका हातांनी कचरा निवडतात. गुंडाळून, वेगळं द्या, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं. आपल्या सोसायटीत कोण देतं, ते घरी जाऊन बघा.

शेवटी चिठ्ठीतून आलेला एक प्रश्न घेतो. मुलगी विचारते, मेन्स्ट्रुअल कप वापरू का? कप नवीन नाही, लिओना चाल्मर्स या अमेरिकन नटीने १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वापरायला हरकत नाही. हात धुऊन, आणि पाळी संपली की पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळून. आमच्या नातीने तो आणला. तिला सगळं समजावून सांगितलं, वेगळं छोटं पातेलंही घेऊन दिलं. चार दिवसांनी बघतो तर पातेलं बाथरूममध्ये, बादलीमागे. सूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आई, ते ओट्यावर कसं ठेवायचं?"