दुखणे कोणत्या भाषेत सांगावे?

हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या भाषांतर विभागाने पाश्चात्त्य वैद्यकाचे ग्रंथ उर्दूत आणले. पुढे एमबीबीएसही उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेत आधुनिक शास्त्र शिकवता येत नाही, हा समज तेथे खोटा ठरला. मात्र नांदेडच्या, किंवा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरच्या मराठी कुणब्याला ती दरबाराचीच भाषा होती.

१९४८च्या पोलीस कारवाईनंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दवाखाना जवळ आला, पण औषधाची चिठ्ठी परकीच राहिली.

आता ‘ई-संजीवनी’मुळे डॉक्टर पडद्यावर भेटतो. तरी किनवटच्या गोंड पाड्यावरच्या किंवा बंजारा तांड्यावरच्या बाईचे दुखणे आधी मराठीत आणि मग इंग्रजी नोंदीत उतरावे लागते. ‘कळ येते’ आणि ‘ठणकते’ यांतला फरक वाटेतच हरवला, तर निदान चुकू शकते. तो फरक जपणारी बहुधा गावची आशाताईच असते. निजामाने भाषांतरासाठी पगारी माणसे नेमली होती. आपण ते काम तिच्या भरवशावर सोडले आहे.