संकेतस्थळावरील शोधपेटीचा उपयोग कसा करावा

संकेतस्थळाच्या माथ्यावर, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक लहानशी रिकामी चौकट असते आणि तिच्यालगत भिंगाचे चिन्ह असते. तिला शोधपेटी म्हणतात. तीत शब्द लिहून कळ दाबली की त्या संकेतस्थळावरील ज्या पानांत तो शब्द आलेला आहे त्यांची यादी समोर येते. गूगलसारखे शोधयंत्र सबंध महाजालावर हिंडते. ही पेटी मात्र आपल्या घराबाहेर जात नाही. धर्मप्रांतांची संकेतस्थळे, मराठी विकिपीडिया, मराठी विश्वकोश, व्हॅटिकनचे संकेतस्थळ अशा नाना ठिकाणी ती आढळते आणि प्रत्येक ठिकाणी तिची रीत थोडी निराळी असते.

पुष्कळ वाचकांचा अनुभव असा की, ह्या पेटीत शब्द घातला तर 'काहीही आढळले नाही' हेच उत्तर मिळते. माहिती तेथे नसतेच असे नाही. आपण लिहिलेली अक्षरे आणि लेखकाने लिहिलेली अक्षरे जुळलेली नसतात, एवढेच पुष्कळदा त्याचे कारण असते. गूगल आता शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घेते, समानार्थी शब्दांचाही विचार करते. लहान संकेतस्थळाच्या पेटीला बहुधा अर्थ कळत नाही, केवळ अक्षरे कळतात. तेव्हा शोधणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ज्याने हे पान लिहिले त्याने हा शब्द कसा लिहिला असेल?

शब्द अनेक, गोष्ट एक

आपल्या मराठी कॅथलिक लेखनात एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द आहेत. कोणी 'बाप्तिस्मा' लिहितो, कोणी 'स्नानसंस्कार'. कोणाच्या लेखात 'मिस्सा' असते, कोणाच्या 'ख्रिस्तयाग'. 'बिशप' आणि 'महागुरू', 'पोप' आणि 'परमगुरू', 'पॅरिश' आणि 'धर्मग्राम' ह्या जोड्याही तशाच. पहिला शब्द निष्फळ ठरला तर लगेच दुसरा घालून पाहावा. पुण्यातील क्वार्टर गेटजवळच्या ज्या मंदिराला आपण सारे 'सिटी चर्च' म्हणतो, त्याचे नाव निष्कलंक मातेवरून आहे. इंग्रजी पानावर ते 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' ह्या नावाखालीही असू शकते. बोलण्यातले नाव आणि कागदावरचे नाव अशी दोन्ही नावे हाताशी असावीत.

व्यक्तिनामांचा गोंधळ याहून मोठा. 'निरोप्या' हे येशूसंघीय मराठी मासिक फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केले. डोरिंग जन्माने जर्मन होते आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. त्यांच्या आडनावातील जर्मन स्वर मराठीत नीट उतरत नाही. म्हणून एक लेखक 'डोरिंग' लिहील, दुसरा 'डोअरिंग', तिसरा दीर्घ 'डोरींग'. आणि 'हेन्री'च्या जागी 'हाइनरिख' असले तरी नवल नाही. अशा वेळी नावाचा हट्ट सोडून त्या व्यक्तीशी जोडलेला एखादा दुर्मीळ शब्द धरावा. येथे 'निरोप्या' हाच शब्द उत्तम, कारण तो सगळे जण एकाच तऱ्हेने लिहितात आणि इतर लेखांत सहसा येत नाही. 'फादर', 'बिशप', 'मासिक' हे शब्द घातले तर शेकडो पाने निघतील आणि त्यांत हवे ते बुडून जाईल.

ख्रिस्तपुराणाच्या कर्त्याचीही हीच गत आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या ह्या इंग्रज धर्मगुरूचे नाव 'थॉमस स्टीफन्स', 'टॉमस स्टिफन्स', 'स्टीव्हन्स' असे नाना प्रकारे सापडते. ग्रंथाचे नाव 'ख्रिस्तपुराण', 'क्रिस्तपुराण', किंवा मध्ये जागा सोडून 'ख्रिस्त पुराण'. ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला, त्यामुळे देवनागरीतील रूप ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरविले. मराठी विश्वकोशात व्यक्तींच्या नोंदी आडनावापासून सुरू होतात, हेही लक्षात असावे. तेथे पूर्ण नाव सरळ क्रमाने लिहिण्यापेक्षा आडनाव तेवढे घालावे.

गावांची नावे व धर्मप्रांतांच्या सीमा

शहराचे इंग्रजी नाव बदलून कित्येक दशके लोटली, तरी आपल्या धर्मप्रांताचे अधिकृत इंग्रजी नाव आजही 'पूना' हेच आहे. व्हॅटिकनच्या किंवा अन्य इंग्रजी संकेतस्थळांवर 'पुणे'चे नवे स्पेलिंग घालणाऱ्याला म्हणून थोडेच मिळते. जुने स्पेलिंग घातले की नेमणुकांपासून धर्मप्रांताच्या इतिहासापर्यंत सारे उघडते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाची बातमी 'धाराशिव' घालून शोधली तर ती सापडणे कठीण, कारण त्या वेळच्या पानांवर 'उस्मानाबाद' आहे. (त्यांचे आडनावही कोठे 'दिब्रिटो' आहे, कोठे 'डिब्रिटो'.) घटना ज्या साली घडली त्या सालचे नाव घालावे.

हा मुद्दा केवळ हौसेचा नाही. पुण्यातील अनेक मराठी कॅथलिक घराण्यांचे मूळ नगर जिल्ह्यात आहे. घरात लग्न ठरले की स्नानसंस्काराचा दाखला लागतो, आणि तो सहसा गेल्या सहा महिन्यांत काढलेला असावा अशी अपेक्षा असते. कारण विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतच केली जाते आणि ती वही जेथे संस्कार झाला त्याच धर्मग्रामात असते. आजोबा-आजींच्या किंवा वडिलांच्या काळचा दाखला काढावयाचा झाल्यास आधी गाव, मग धर्मग्राम, मग त्याचा पत्ता असा शोध घ्यावा लागतो. त्यात एक अडचण हमखास येते. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि तोवर पुणे धर्मप्रांतात असलेला नगर जिल्हा त्यात गेला. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांतही पुण्यापासून वेगळा झाला. ज्यांचा संस्कार त्यापूर्वीचा, त्यांच्या जुन्या कागदावर 'पूना धर्मप्रांत' असे असते. ते वाचून लोक पुण्याच्या संकेतस्थळावर गावाचे नाव शोधतात, काही मिळत नाही, आणि आपल्या गावात चर्च नसावेच असा ग्रह करून घेतात. गाव तेथेच असते, चर्चही असते. पत्ता आज नाशिकच्या संकेतस्थळावर शोधावयाचा असतो. स्नानसंस्काराच्या वह्यांतील नोंदी मात्र धर्मप्रांताच्या संकेतस्थळाच्या शोधपेटीत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. पेटी आपल्याला चर्चच्या कार्यालयाच्या दारापर्यंत नेते. पुढे अर्ज आणि धर्मगुरूंची भेट.

प्रत्यय गाळावा

मराठीत नामाला प्रत्यय चिकटतात आणि चिकटताना शब्दच बदलतो. 'पुणे' हा शब्द 'पुण्यात', 'पुण्याच्या', 'पुण्याहून' ह्या रूपांत मुळी उरतच नाही. 'यात्रा' ही 'यात्रेला' होते, 'सुवार्ता' ही 'सुवार्तेचे'. इंग्रजी वाचकाला ही अडचण फारशी जाणवत नाही. आपल्याला पावलोपावली जाणवते. म्हणून पेटीत पूर्ण वाक्य कधी लिहू नये. 'हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला कधी जावे' असे लिहिणाऱ्याला काही मिळण्याची आशा कमी. 'हरेगाव' एवढेच लिहिणाऱ्याला मिळेल, कारण त्या नावाचे मूळ रूप प्रत्यय लागूनही अखंड राहते. 'मतमाउली' येथे जपून वापरावा. कोणी 'मतमाऊली' लिहितो, कोणी 'मत माउली'.

ह्या बाबतीत पेट्यांचे दोन स्वभाव आहेत. वर्डप्रेस ह्या प्रणालीवर बांधलेल्या संकेतस्थळांत, मूळची शोध-सुविधा बदललेली नसेल तर, शब्दाचा तुकडाही जुळतो. तेथे 'पुण्या' एवढे लिहिले की 'पुण्यात', 'पुण्याच्या' ही रूपे असलेली पाने येतात. विकिपीडियाची पेटी पूर्ण शब्द पाहते. तेथे तुकड्यापुढे तारांकन द्यावे लागते, म्हणजे 'पुण्या*' असे. आपल्यासमोरची पेटी कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यासाठी नेहमी येणाऱ्या एखाद्या शब्दाचा अर्धा भाग घालून पाहावा. अर्धा मिनिटही लागत नाही.

शब्द सलग याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरण चिन्हांत घालावेत. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचे चिन्ह जोडले की तो शब्द असलेली पाने गळतात. ह्या दोन्ही खुणा विकिपीडियावर व वर्डप्रेसवर चालतात. इतरत्र चालतीलच असे नाही. विकिपीडियावर आणखी एक गंमत आहे: लिहिलेला शब्द एखाद्या लेखाचे शीर्षक असेल तर यादी न देता पेटी थेट त्या लेखावर नेऊन सोडते. यादीच हवी असल्यास शब्दाआधी '~' ही नागमोडी खूण द्यावी.

दिसण्यात सारखे, संगणकाला वेगळे

काही वेळा अक्षर डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसते, तरीही पेटी ते ओळखत नाही. 'दुसऱ्या' ह्या शब्दातील अर्धचंद्राकृती र संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो आणि आत त्याचे दोन वेगळे संकेत साठवले जातात. शंका असेल तेव्हा असे अक्षर असलेला शब्दच टाळावा. साताऱ्याकडील 'कऱ्हाड' शोधताना 'कराड'ही घालून पाहावे. अनुस्वाराचेही तसेच: 'फ्रांसिस' आणि 'फ्रान्सिस' हे पेटीच्या लेखी दोन निराळे शब्द ठरू शकतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात 'नांव', 'गांव', 'केलें' अशी रूपे भेटतात. सालही दोनदा शोधावे, एकदा मराठी आकड्यांत आणि एकदा इंग्रजी आकड्यांत.

जुन्या मराठी पानांची तर तऱ्हाच वेगळी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या अक्षरसंचांत टंकला जाई, त्यांतील कित्येकांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरे. आपल्या पुण्याचा ह्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे: श्रीलिपी पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची, आणि भारतीय भाषांसाठी झटणारा सी-डॅकचा जिस्ट विभागही पुण्यातलाच. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केलेला नसेल तर देवनागरीत लिहिलेला कोणताही शब्द त्यात सापडणार नाही. छापील अंकाची छायाचित्रे काढून बनविलेल्या पीडीएफचेही तेच. ते चित्र असते, मजकूर नव्हे. वर्डप्रेसची मूळची पेटी तर पीडीएफच्या पोटात डोकावतच नाही, मग ती पीडीएफ कशीही बनवलेली असो. अशा अंकांसाठी शोधपेटी सोडून संग्रहाचे पान उघडावे आणि वर्ष व महिना धरून अंक चाळावेत. पुष्कळदा तोच जवळचा मार्ग ठरतो.

पेटी अगदीच दुबळी असेल, किंवा मुळात नसेलच, तर गूगलकडून तेच काम करून घेता येते. हवे ते शब्द लिहून पुढे इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. गूगल मग त्या एकाच संकेतस्थळातील पाने दाखवते. लांबलचक पान उघडल्यावर त्यात शब्द कोठे आहे हे पाहण्यासाठी संगणकावर कंट्रोल आणि एफ ह्या कळा एकत्र दाबाव्यात; मोबाईलवर ही सोय ब्राउझरच्या यादीत 'पानावर शोधा' अशा नावाने असते.